भाच्याचं झाड आणि ४७ हजार कोटी रुपये

मागच्या महिन्यात माझ्या भाच्याने फोनवर एक प्रश्न विचारला आणि माझी पंचाईत झाली. "मावशी, माझं झाड आता केवढं झालं असेल गं?"

त्याचं झाड म्हणजे काय ते आधी सांगते. तो दुसरीत आहे. ५ जूनला शाळेने सगळ्या मुलांना बसमध्ये घालून गावाबाहेरच्या टेकडीवर नेलं. प्रत्येकाच्या हातात एक रोप, रोपाला दोऱ्याने बांधलेली नावाची पाटी, एक फोटो आणि घरी जाताना सर्टिफिकेट. ते सर्टिफिकेट आज ताईच्या फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेलं आहे. त्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलंय की याने एक झाड लावून पृथ्वीला मदत केली. तो ते रोज दूध पिताना वाचतो. त्यामुळे त्याच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे. झाड लावलं, म्हणजे झाड आहे, आणि आहे म्हणजे ते वाढतंय.

मी कंटेंट रायटर आहे. पर्यावरण दिनाच्या पोस्ट लिहिणं हे माझ्या पोटापाण्याचं काम आहे. "एक रोप लावा, उद्याचा श्वास जपा" छापाची वाक्यं मी मे महिन्यात डझनाने पाडते. पण त्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कारण मला माझं स्वतःचं झाड आठवलं.

मी चंद्रपूरची. पाचवीत असताना आमच्याही शाळेने वृक्षारोपण केलं होतं. माझ्या वाट्याला करंजाचं रोप आलं, पाहुण्यांनी हात लावला, टाळ्या झाल्या. पुढच्या वर्षी सहावीत पुन्हा कार्यक्रम झाला, आणि मी त्याच खड्ड्यासमोर उभी होते. खड्डा तोच, रोप नवं, पाहुणे नवे. मैत्रिणीला मी म्हटलं, "अगं, इथे तर माझं होतं ना?" ती म्हणाली, "गप, फोटो काढताहेत."

तर भाच्याला काय सांगायचं म्हणून मी शोधायला बसले. झाडं लावायला पैसे कोण देतं, किती देतं, आणि त्या पैशांचं शेवटी होतं काय? मला वाटलं होतं, पैसे कमी पडत असतील. आपल्याकडे बहुतेक चांगल्या गोष्टींचं तेच होतं ना. पण निघालं भलतंच.

२९ ऑगस्ट २०१९ ला केंद्र सरकारने २७ राज्यांना मिळून ४७,४३६ कोटी रुपये दिले. एका दिवसात. हे पैसे फक्त जंगलासाठी. त्यातले सुमारे ३,८४४ कोटी महाराष्ट्राला आले, गोव्याला सुमारे २३८ कोटी, आणि सगळ्यात जास्त, ५,९३४ कोटींच्या आसपास, ओडिशाला. तुम्ही वडोदऱ्यात, इंदूरमध्ये, हैदराबादेत नाहीतर बंगळुरूत बसून हे वाचत असाल, तर तुमच्याही राज्याला यातला वाटा मिळालेला आहे. देशाच्या लोकसंख्येने भागलं तर माणशी साधारण ३४० रुपये पडतात. चौघांच्या घराचे तेराशे-चौदाशे. एवढ्यात अंगणात एखादं आंब्याचं कलम लावून, कुंपण घालून वर आठवडाभराची भाजी येईल.

या निधीला बोलीभाषेत 'कॅम्पा'चा पैसा म्हणतात. आमच्या भागात हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. तिथे अनेकांच्या घरची उन्हाळ्यातली मजुरी त्यातून येते. पण पुण्यात माझ्या ऑफिसात विचारलं तर एकाला कोल्ड्रिंक आठवलं!

आता हा पैसा आला कुठून? इथे गोष्ट थोडी कडू होते. एखादी खाण, धरण, रस्ता किंवा विजेच्या तारा जंगलाच्या जमिनीतून न्यायच्या असतील, तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याप्रमाणे केंद्राची परवानगी लागते. परवानगी देताना अट असते. जेवढं जंगल घेतलं तेवढी दुसरी जमीन द्या आणि तिच्यावर झाडं लावायचा खर्च भरा. काही प्रकरणांत जंगल नसलेली जमीन देण्याऐवजी विरळ झालेल्या जंगलावर दुप्पट क्षेत्रात लागवड चालते. याला पर्यायी वनीकरण म्हणतात.

याच्या जोडीला आणखी एक रक्कम भरावी लागते, आणि तिच्या मागे एक माणूस आहे. टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद. केरळातल्या निलंबूरच्या जुन्या राजघराण्यातले. एकेकाळी त्यांच्या घराण्याच्या ताब्यात असलेलं निलगिरीतल्या गुडलूरचं जंगल तोडलं जातंय हे पाहून ते १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. एका जंगलासाठी केलेली ती याचिका सगळ्या देशाच्या जंगलांची झाली आणि पुढे वर्षानुवर्षं चालत राहिली. त्याच खटल्यात न्यायालयाने २००२ मध्ये विचारलं ते साधारण असं. लाकडाची किंमत ठीक आहे, पण उभं जंगल पाणी धरून ठेवतं, हवा साफ करतं, माती वाहून जाऊ देत नाही, त्याचे पैसे कोण देणार? मग 'निव्वळ वर्तमान मूल्य' नावाची किंमत ठरली. जंगल राहिलं असतं तर पुढची कित्येक वर्षं त्याने जे दिलं असतं, त्याची आजची किंमत. २००८ मध्ये ती जंगलाच्या प्रकारानुसार हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होती. अभयारण्य असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यान असेल तर दहापट. २०२२ मध्ये हे मूळ दर वाढवले.

हेक्टर म्हणजे अडीच एकर. अडीच एकर जंगलाचे दहा लाख. आमच्या चंद्रपुरात त्या पैशात बरा फ्लॅटसुद्धा येत नाही.

घरात सोनं मोडायला नेलंय कधी तुम्ही? सोनार वजन करतो, दर लावतो, पैसे हातात ठेवतो. घडणावळ गेली. आजीने ती पाटली कुठल्या वर्षी, काय विकून केली होती, तेही गेलं. जंगलाचं तसंच होतं. फरक एवढाच की सोनार निदान "पुन्हा तश्शीच करून देतो" असं म्हणत नाही. इथे मात्र कागदावर तेच लिहिलेलं असतं.

हा पैसा बरीच वर्षं बँकांमध्ये पडून होता. राज्यांना दिला तर दुसरीकडेच खर्च होईल अशी न्यायालयाला भीती होती, म्हणून २००९ पासून सगळ्या देशाला मिळून वर्षाला हजार कोटींच्या आसपासच सोडत. २०१६ मध्ये कायदा झाला, २०१८ मध्ये नियम आले, आणि मग २०१९ ची ती मोठी रक्कम. ९० टक्के राज्यांकडे, १० टक्के केंद्राकडे.

मंडळी, तुम्ही म्हणाल हा झाला सरकारी हिशेब, आमच्या घराचा काय संबंध? तसं पाहिलं तर हा पैसा थेट आपल्या करातून गेलेला नाही. खाणीने, महामार्गाने, वीज कंपनीने भरलाय. पण खाणीने भरलेलं शेवटी कोळशाच्या किमतीत येणार, कोळशाचं विजेच्या दरात, आणि वीजबिल कुणाच्या घरी येतं? आपल्याच ना. म्हणजे तुम्ही पंखा लावलात तेव्हा कुठल्या तरी जंगलाच्या भरपाईचा एक कण भरलात. आपणच भरलेल्या पैशांचं काय झालं हे विचारायला लाजायचं कारण नाही.

आता हवामानाचं. २०१५ मध्ये पॅरिस कराराच्या वेळी भारताने जगाला शब्द दिला की २०३० पर्यंत जंगलं आणि झाडं वाढवून आणखी २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषला जाईल अशी सोय करू. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वन अहवालाप्रमाणे २००५ च्या तुलनेत त्यातले २२९ कोटी टन झालेसुद्धा. वाचून मला बरं वाटलं. मग मी त्या अहवालात 'जंगल' कशाला म्हणतात ते वाचलं.

उपग्रहाच्या चित्रात एक हेक्टरपेक्षा मोठा तुकडा असेल आणि त्यावर झाडांची सावली निदान १० टक्के असेल, तर तो 'वनाच्छादन'. झाड कुठलं, जमीन कुणाची, हे बघत नाहीत. म्हणजे ताडोबाचं जंगलही त्यात, आणि कुणाच्या मामाची आमराईही त्यात. आमराई वाईट असं मी मुळीच म्हणत नाहीये, मेमध्ये मी तिच्यावरच जगते. पण दोन्ही एक नव्हेत. त्याच अहवालात हेही आहे की पश्चिम घाटाच्या संवेदनशील पट्ट्यात दहा वर्षांत ५८ चौरस किलोमीटर वनाच्छादन कमी झालं. एकूण बेरीज वाढली, आणि घाटातलं जंगल घटलं. दोन्ही एकाच पुस्तकात.

आणखी एक गोष्ट मला नवीन होती. आपल्याला वाटतं कार्बन झाडात असतो, म्हणजे खोडात नि फांद्यांत. तो असतोच. पण आपल्या जंगलांतला निम्म्याहून जास्त कार्बन मातीत आहे. वर्षानुवर्षं पाचोळा पडतो, कुजतो, मुळं मरतात, वाळवी नि बुरशी काम करत राहतात आणि तो हळूहळू मातीत मुरतो. लोणच्यासारखं आहे हे. फोडी, तिखट, मीठ, तेल, सगळं आजच्या आज आणता येतं, पण मुरायला लागणारे महिने बाजारात मिळत नाहीत. शंभर वर्षांचं जंगल उकरून तिथे खाण केली आणि दुसरीकडे तेवढ्याच जमिनीवर रोपं लावली, तर कागदावर दोन्ही बाजू जुळतात. मातीत जुळायला भाच्याचे नातू यावे लागतील.

आणि कागदावर तरी जुळतं का? देशाच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, २०१३ मध्ये हा हिशेब तपासला होता. २००६ ते २०१२ या काळात जंगलाच्या बदल्यात १,०३,३८२ हेक्टर वनेतर जमीन मिळायला हवी होती. मिळाली २८,०८६ हेक्टर. त्यातल्या झाडं लावलेल्या जमिनीचा आकडा ७,२८१ हेक्टर. शंभरातले सात. दहावीत सात मार्क मिळाले असते तर बाबांनी मला घरात घेतलं नसतं.

त्यानंतर कायदा आला, म्हणून आता सुधारलं असेल असं मी म्हणत होते. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्तराखंडचा कॅग अहवाल बाहेर आला. तिथे या निधीतून लॅपटॉप, फ्रिज, कूलर, आयफोन घेतल्याची नोंद निघाली. इमारतींची डागडुजीही होती. बातम्यांमध्ये आयफोन गाजला, ते साहजिक आहे. पण मला दुसरा आकडा जास्त टोचला. तिथे लावलेल्या रोपांपैकी जेमतेम ३३.५ टक्के जगली होती, अपेक्षा होती ६० ते ६५ टक्क्यांची. फोन परत घेता येतो. मेलेल्या रोपांची वर्षं परत येत नाहीत.

आणि ग्रेट निकोबार तर मला अजून पचलेलं नाही. तिथल्या प्रकल्पासाठी १३०.७५ चौरस किलोमीटर जंगल द्यायला २०२२ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली. ते बेट म्हणजे बारा महिने पाऊस झेलणारं घनदाट जंगल, किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी महाकाय लेदरबॅक कासवं. बदल्यात झाडं लावायची जागा ठरवली ती हरयाणात. अंदमानच्या समुद्रापलीकडच्या जंगलाची भरपाई अरवलीच्या कोरड्या उतारावर! अरवलीला झाडांची गरज आहे, खूप आहे. पण तिला ती आपल्या हक्काची मिळायला हवीत. कुणाचं तरी जंगल गेलं म्हणून कशाला?

हे सगळं वाचून मी वैतागले आणि बाबांच्या एका मित्राला फोन केला. काका वनरक्षक होते, आता निवृत्त आहेत. मला वाटलं, तेही माझ्यासारखेच चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, "पोराचं झाड कधी लावलं म्हणतेस?"

"५ जूनला."

"मग मेलंच असेल ते." एवढं सहज बोलले की मलाच वाईट वाटलं. मग समजावून सांगितलं. आपल्याकडे ५ जूनला पाऊस कुठे असतो? मृगाचा एखादा शिडकावा होतो, मग पंधरा दिवस पुन्हा ऊन. रोप पिशवीतून निघतं, मुळं उघडी पडतात आणि ते वाळतं. दोन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली की मग लावायचं, म्हणजे जुलै. (वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात असतो तो उगीच नाही. १९५० मध्ये क. मा. मुन्शींनी तो सुरू केला तेव्हा पावसाचा विचार होता. ५ जून ही जागतिक तारीख आहे, तिला आपला मान्सून माहीत नाही.)

काकांनी मग पाऊण तास काम सांगितलं, आणि खरं तर त्या पाऊण तासात मला सगळ्यात जास्त कळलं. खड्डे उन्हाळ्यात खोदायचे, म्हणजे माती तापते, कीड मरते. रोप निदान कमरेएवढं हवं, वीतभर रोप गवतात हरवतं. पावसाळ्यात दोन-तीनदा निंदणी. दुसऱ्या वर्षी मेलेल्यांच्या जागी नवी लावायची, म्हणजे नांग्या भरायच्या. गुरांपासून राखण. आणि उन्हाळ्यात आगीपासून. "लावायला एक दिवस लागते बेटा," ते म्हणाले, "राखायला तीन वर्षं तरी. पण फोटो पहिल्याच दिवशी निघते."

आगीचं त्यांनी मुद्दाम सांगितलं. विदर्भात फेब्रुवारीपासून जंगलात पाचोळा पडतो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून पेटवतात, कुणी बिडी टाकतं. आग लागली की आधी जाते ती वीतभर उगवलेली रोपं, जी कुणी लावलेली नसतात, जंगलाने स्वतः लावलेली असतात. त्या रोपांना ना पिशवी लागते, ना खड्डा, ना पाहुणे. त्यांना फक्त तीन-चार उन्हाळे जळू द्यायचं नाही. त्यासाठी जाळरेषा काढायच्या, म्हणजे पाचोळा झाडून मधे मोकळे पट्टे करायचे, आणि माणसं ठेवायची. पाला झाडायचा ब्लोअर, नाहीतर नुसती हिरवी फांदी घेऊन रात्री-बेरात्री आगीमागे धावणारा रोजंदारीवरचा माणूस. कॅम्पाच्या पैशातून ही कामंही करता येतात. हवेत जाणारा कार्बन थांबवायचा याहून स्वस्त उपाय मला तरी सापडला नाही. पण त्याचं उद्घाटन करता येत नाही. न लागलेल्या आगीचा फोटो कसा काढणार?

या निधीच्या नियमांत आणखी एक कलम आहे, ते वाचून मला आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी आठवल्या. जंगलाजवळच्या गावांना लाकूड कमी लागणाऱ्या चुली आणि तशी साधनं द्यायला हा पैसा वापरता येतो. त्या मावशी लहान असताना आईबरोबर मोळी आणायला जात. आज गॅसचं कनेक्शन बऱ्याच घरी आहे, पण सिलिंडर संपला की पुन्हा भरायला पैसे नसतात, मग चूल आहेच. चंद्रपुरात सरपणाला, मोहाला, तेंदूला जंगलात गेलेल्या बायकांवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. शहरात आपण कार्बन, टन, हेक्टर असं बोलत असतो. तिथे तोच प्रश्न असा असतो की आज दुपारी सरपणाला कोण जाणार, आणि संध्याकाळी परत येणार का. चांगली चूल आणि परवडणारा गॅस मिळाला तर झाडही वाचतं, धूरही कमी होतो आणि बाईही घरी येते. माझं मत विचाराल तर खड्ड्यांच्या आधी पैसा इथे जावा.

पैसा नीट वापरणारी माणसं आहेत का? आहेत, आणि फार लांब नाहीत. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुम्ही ऐकलं असेल. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांचीच. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना द्यायचं पुस्तकही ग्रामसभेच्या हातात आलं. आपला बांबू आपण विकायचा. तोडायचा किती, ठेवायचा किती, तेही आपणच ठरवायचं.

आणि माझ्या जिल्ह्यातलं पाचगाव, गोंडपिपरी तालुक्यात. २०१२ मध्ये त्यांना हजारेक हेक्टरवर हक्क मिळाला. त्यांनी काय केलं असेल? तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. हे समजायला आमच्या भागातला उन्हाळा माहीत हवा. तेंदू म्हणजे मेमधली रोख रक्कम. शाळेची पुस्तकं, बियाणं, लग्नातला आहेर, सगळं त्यावर. पण तेंदूसाठी फांद्या छाटतात, आणि पालवीसाठी आग लावतात. ग्रामसभेने हिशेब केला आणि ती रक्कम सोडली. बांबूवर भर दिला. जंगलाचा एक तुकडा तर देवासाठी तसाच राखून ठेवला. त्यांना कुणी कार्बन शिकवला नव्हता.

म्हणून मला एका शब्दाचा राग येतो. निधीच्या नियमांत म्हटलंय की कामं ग्रामसभेशी किंवा वन संरक्षण समितीशी 'विचारविनिमय' करून करायची. विचारविनिमय, संमती नाही. मुलीला "स्थळ पसंत आहे का गं?" असं विचारणं वेगळं आणि तिच्या होकारासाठी थांबणं वेगळं, हे आपल्यातल्या बायकांना वेगळं समजवावं लागत नाही. चराईच्या, मोहाच्या जमिनीवर कुणीतरी सागाच्या रांगा लावून, तार ओढून गेलं, तर गावाला ती झाडं आपली वाटत नाहीत. आणि जे आपलं वाटत नाही, त्याला आग लागली तर रात्री दोन वाजता कोण उठणार?

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर बघता येतं. 'ई-ग्रीन वॉच' नावाचं सरकारी पोर्टल आहे, त्यावर राज्यवार लागवडीच्या जागा, क्षेत्र, झाडं अशी माहिती टाकतात. नवीन प्रकल्पांची जंगल परवानगी 'परिवेश' पोर्टलवर दिसते. मराठीत नाही, किचकट आहे, आणि मोबाईलवर डोळे दुखतात, पण आहे. मी एका रविवारी सकाळी चहा घेऊन बसले होते, उठले तेव्हा दुपारची पोळीभाजी राहून गेली होती. जागा सापडली की मग गावी जाल तेव्हा एक चक्कर मारा. मुलांना घेऊन जा. झाडं मोजायला सातवीचं गणितही लागत नाही. आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. त्यात "किती लावली" हे विचारू नका, ते सगळेच सांगतात. तिसऱ्या वर्षी किती जगली आणि राखणदाराला किती महिने मजुरी दिली, ते विचारा.

मी दिवाळीत भाच्याला घेऊन त्या टेकडीवर गेले. ताई नको म्हणत होती, उगाच रडेल म्हणून. टेकडीवर खड्डे होते, काळ्या पिशव्या होत्या, गुडघ्याएवढं वाळलेलं गवत होतं. पाट्या बऱ्याच सापडल्या. पावसाने शाई गेली होती, त्यामुळे कुठली कुणाची ते कळेना. तो रडला नाही. एक-एक खड्डा बघत गेला, आणि मोजत गेला. आठव्या की नवव्या खड्ड्यात एक कडुनिंब होता. टिचभर, पण हिरवा. पाटी नव्हती. त्याने बाटलीतलं उरलेलं पाणी त्याला घातलं आणि मला विचारलं, "हे कुणाचंय?"

"माहीत नाही रे."

"मग उन्हाळ्यात याला पाणी कोण घालणार?"

गेल्या आठवड्यात शाळेचा फॉर्म आला. यंदाही ५ जूनला वृक्षारोपण आहे. खाली 'पालकांच्या सूचना' असा एक रकाना आहे, तो ताई दर वर्षी कोरा सोडते. या वेळी तिने त्यात दोन ओळी लिहिल्या. पहिली : कार्यक्रम जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घ्यावा. दुसरी भाच्याने सांगितली, तिने तशीच उतरवली : नवीन झाड नको, मागच्या वर्षीच्या कडुनिंबाला पाणी घालायला बस न्यावी.